डोळ्यात बघून कुणी कुणाचा ताबा घेत नाही: संमोहनाच्या त्या मेसेजला उत्तर

परत तो मेसेज फिरायला लागलाय. मजकूर दर वेळी थोडा बदललेला असतो पण गाभा तोच. थोडक्यात असा: संमोहन येणारा माणूस नुसता डोळ्यात बघून किंवा हात हातात घेऊन काही सेकंदात कुणालाही ताब्यात घेऊ शकतो, तुमची इच्छा असो नाहीतर नसो. एकदा ताब्यात गेलात की तुम्ही झोपेत, तो सांगेल ते करणार, अंगावरचं काढून देणार, वेळ पडली तर कुणाचा जीवसुद्धा घेणार. तो तुमच्या डोक्यात एक शब्द पेरून ठेवतो आणि कित्येक महिन्यांनी फोनवर तो शब्द ऐकवला की तुम्ही परत त्याची कळसूत्री बाहुली. विचारेल ते खरंखरं सांगून टाकता, आणि नंतर काहीच आठवत नाही. खाली लिहिलेलं असतं की अनोळखी माणसाच्या डोळ्यात बघू नका, सगळ्या ग्रुपवर पाठवा.

लोक पाठवतात काळजीपोटी, हे मला मान्य आहे. पण या मेसेजनं दोन माणसांचं सरळ नुकसान होतं. एक, ज्याला दुखण्यावर संमोहनाचा उपयोग होऊ शकला असता तो घाबरून तिकडे फिरकत नाही. दुसरा, ज्याला खरंच कुणीतरी हातोहात फसवलंय, त्याच्या प्रकरणात सगळे डोळ्यांची जादू शोधत बसतात आणि फसवणारा आरामात निसटतो. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय, लांब होईल, पण वाचा.

आधी ती नजरेतली ताकद. ही समजूत आजची नाही. १७७८ च्या सुमारास मेस्मर नावाचा डॉक्टर व्हिएन्ना सोडून पॅरिसला आला आणि त्यानं धुमाकूळ घातला, त्याचं म्हणणं असं की शरीरात एक अदृश्य चुंबकीय प्रवाह वाहतो आणि तो आपल्याला हव्या त्या माणसात, वस्तूत, झाडात सोडता येतो. लोक त्याच्यासमोर झटके येऊन कोसळायचे. १७८४ मध्ये राजानं चौकशी समिती नेमली, त्यात बेंजामिन फ्रँकलिन होता, रसायनशास्त्रातला लाव्हाझिए होता. फ्रँकलिनची तब्येत बरी नव्हती म्हणून काही प्रयोग पॅरिसजवळच्या पासीला त्याच्या घरीच झाले. मेस्मरचा शिष्य देस्लों यानं बागेतलं जर्दाळूचं एक झाड भारून ठेवलं, आणि मग त्यानंच निवडून आणलेल्या बारा वर्षांच्या एका मुलाला डोळ्यांवर पट्टी बांधून बागेत आणलं आणि एकेका झाडाला मिठी मारायला लावली. पहिल्या झाडापाशी त्याला घाम फुटला आणि खोकला यायला लागला, पुढच्या झाडापाशी डोकं दुखायला लागलं, त्याच्या पुढे आणखी वाढलं, आणि चौथ्या झाडापाशी पोरगा बेशुद्ध पडला, अंग कडक झालं, उचलून हिरवळीवर न्यावं लागलं. भारलेलं झाड अजून कित्येक फूट लांब होतं, त्याला त्यानं हातही लावला नव्हता.

तो मुलगा नाटक करत नव्हता, बेशुद्ध खरोखर पडला होता. पण त्याला पाडणारी ताकद झाडात नव्हती, देस्लोंच्या हातात नव्हती, त्याच्या स्वतःच्या अपेक्षेत होती. समितीनं निष्कर्ष काढला की हा कल्पनाशक्तीचा परिणाम, आणि लोकांनी त्याचा अर्थ "म्हणजे काहीच नाही" असा घेतला, तो मात्र चुकला. खरी गोष्ट पुढे आबे फारियानं पकडली. गोव्यात कांदोळीला १७५६ साली जन्मलेला हा पाद्री १८१३ पासून पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग करून सांगत होता की प्रवाह वगैरे काही नाही, संमोहित करणाऱ्याच्या अंगात कसलीही शक्ती नसते, जे घडतं ते समोरच्या माणसाच्या मनात घडतं. त्याची टिंगल झाली. पण आजचं शास्त्र मेस्मरच्या नाही, फारियाच्या बाजूला उभं आहे. पुढे १८४० च्या दशकात मँचेस्टरचा सर्जन जेम्स ब्रेड यानं तर डोळ्यात डोळे घालणंच बंद केलं, तो आपली शस्त्रं ठेवायची चकचकीत डबी पेशंटच्या डोळ्यांसमोर धरायचा आणि काम व्हायचं. आज प्रयोगशाळांमध्ये संमोहनाच्या सूचना रेकॉर्ड करून टेपवरून ऐकवतात, खोलीत डोळेच नसतात, तरी ज्यांच्यावर परिणाम व्हायचा त्यांच्यावर होतो. नजरेत ताकद असती तर टेपनं काही व्हायलाच नको होतं.

आता "कुणालाही". इथे मेसेज साफ खोटा आहे. १९५९ मध्ये स्टॅनफर्डच्या वाइट्झेनहॉफर आणि हिलगार्ड यांनी मोजपट्टी बनवली, त्यात बारा छोट्या सूचना असतात, हात जड होतोय, गुंफलेली बोटं सुटत नाहीयेत, माशी गुणगुणतेय अशा, आणि माणूस त्यातल्या किती सूचनांना प्रतिसाद देतो ते बघतात. ढोबळ हिशोब असा की शंभरातले दहा-पंधरा जण बहुतेक सूचनांना प्रतिसाद देतात, दहा-पंधरा जणांवर जवळपास काहीच परिणाम होत नाही, बाकीचे मधे. आणि हे माणसाच्या स्वभावाइतकं पक्कं असतं. १९८९ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात त्याच लोकांना पंचवीस वर्षांनी परत मोजलं तर जुन्या आणि नव्या गुणांचा सहसंबंध ०.७१ निघाला, म्हणजे विशीत ज्याच्यावर परिणाम होत होता त्याच्यावर पंचेचाळिशीतही होत होता. समोर कितीही नावाजलेला तज्ज्ञ बसवा, खालच्या गटातल्या माणसावर तो फारसं काही करू शकत नाही. ज्यांच्यावर परिणाम होतो ते दुबळ्या मनाचे असतात हेही खोटं, भोळेपणाशी किंवा कमी बुद्धीशी याचा संबंध सापडलेला नाही.

स्टेजवरच्या खेळाचं कोडं इथेच सुटतं, त्यावर जास्त वेळ घालवत नाही. आधी सगळ्या प्रेक्षकांना हाताची बोटं गुंफायला सांगतात, ज्यांची सुटत नाहीत त्यांना वर बोलावतात, त्यातही जे हौसेनं आलेत तेच, मग वर आणखी चाळणी लावतात आणि उरतात ते मोजके लोक, जे आधीच वरच्या गटातले आहेत आणि सगळ्यांसमोर काहीतरी करायला तयार होऊन आलेत. रस्त्यावरच्या व्हिडिओत "दोन सेकंदात झोपवलं" दाखवतात तिथेही ज्यांच्यावर काही झालं नाही त्यांचं शूटिंग कापलेलं असतं.

झोपेचा मुद्दा. संमोहनात मेंदूच्या लहरी जागेपणाच्याच असतात, झोपेच्या नाही. १९७६ मध्ये बान्याई आणि हिलगार्ड यांनी लोकांना जागच्या जागी चालवायच्या सायकलवर बसवलं, डोळे उघडे, जोरजोरात पॅडल मारतायत, आणि त्या अवस्थेत संमोहनाच्या सूचना दिल्या, प्रतिसाद नेहमीच्या पद्धतीइतकाच मिळाला. सायकल चालवणारा माणूस झोपलाय असं कुणी म्हणणार नाही.

मग आतून वाटतं तरी कसं? हे नीट सांगायला हवं, कारण सगळी भीती इथूनच येते. समजा तुम्ही खुर्चीत बसलाय, एक हात पुढे धरलाय आणि समोरचा शांत आवाजात सांगतोय की या हातात एक जड वस्तू आहे, तिचं वजन वाढतंय, हात खाली चाललाय. ज्याच्यावर परिणाम होतो त्याचा हात खरंच हळूहळू खाली येतो, आणि चमत्कारिक भाग हा की आपण तो खाली नेतोय असं त्याला वाटतच नाही, हात आपोआप गेला असं वाटतं. हा अनुभव खरा आहे. पण त्याच वेळी त्याला खोलीतला पंखा ऐकू येत असतो, नाकाला खाज आलेली कळत असते, आणि "हे बास" असं वाटलं तर तो डोळे उघडून उठू शकतो. सिनेमात डोळ्यात पाणी येतं तेव्हा आपण ठरवून रडत नाही, पण थिएटरला आग लागली तर ताडकन उठून पळतो, तसलंच हे. आपोआप होतंय असं वाटणं वेगळं आणि थांबवता न येणं वेगळं, त्या मेसेजनं या दोन गोष्टी एकात घातल्यात आणि तिथेच सगळी मेख आहे.

"एकदा संमोहनात गेला तो बाहेरच आला नाही तर?" असंही विचारतात. संमोहित करणारा मधेच खोली सोडून गेला तर माणूस थोड्या वेळानं आपला आपण डोळे उघडतो, नाहीतर साधी झोप लागते आणि मग जाग येते. पुढे जाऊया.

आता सगळ्यात मोठा दावा, सांगेल ते करेल, खूनसुद्धा. याच्या बाजूनं पुरावा आहे असं वाटू शकतं, म्हणून तो लपवणार नाही. १९३९ मध्ये रोलंड नावाच्या संशोधकानं संमोहित लोकांना रॅटलस्नेक हा विषारी साप उचलायला सांगितलं, समोरच्याच्या तोंडावर ॲसिड फेकायला सांगितलं, आणि त्यातल्या बहुतेकांनी तसं करायचा प्रयत्न केला. मधे न दिसणारी काच होती म्हणून कुणाला इजा झाली नाही. हे वाचून कुणाच्याही अंगावर काटा येईल, आणि कित्येक वर्षं हाच प्रयोग पुरावा म्हणून दाखवला गेला.

पण मार्टिन ऑर्न आणि फ्रेडरिक इव्हान्स यांना एक साधा प्रश्न पडला जो आधी कुणी नीट विचारला नव्हता: संमोहित न केलेल्या माणसाला हेच सांगितलं तर तो काय करेल? १९६५ मध्ये त्यांनी तेच प्रयोग परत केले. एका गटात खरंच खोल संमोहनात जाणारे सहा जण. दुसऱ्या गटात ज्यांच्यावर संमोहनाचा परिणाम होतच नाही असे सहा जण, त्यांना सांगितलं होतं की संमोहित झाल्याचं नुसतं सोंग करा, आणि समोर सूचना देणाऱ्याला माहीत नव्हतं खरा कोण आणि सोंगाड्या कोण. मग एकेकाला बोलावून सांगितलं, हा विषारी साप हातानं उचल. ॲसिडमध्ये विरघळत चाललेलं नाणं दाखवलं आणि सांगितलं, बोटांनी बाहेर काढ. मग सांगितलं, हे ॲसिड त्या सहायकाच्या तोंडावर फेक. इजा होऊ नये याची सोय अर्थातच आधी केलेली होती, पण ती समोरच्याला सांगितलेली नव्हती.

खरोखर संमोहित सहापैकी पाच जणांनी हे सगळं केलं. आणि सोंग करणाऱ्या सहापैकी सहाच्या सहा जणांनी केलं.

हा निकाल दोनदा वाचा. ज्यांच्यावर संमोहनाचा कणभर परिणाम नव्हता, जे पूर्ण जागे होते, त्यांनीही साप उचलायला हात घातला आणि ॲसिड फेकलं. नंतर विचारलं तर सांगितलं की हा विद्यापीठातला प्रयोग आहे, हे लोक जबाबदार आहेत, आपल्याला किंवा कुणाला खरंच इजा होऊ देणार नाहीत याची खात्री होती. म्हणजे रोलंडच्या प्रयोगात जे दिसलं ते संमोहनाचं बळ होतं असं म्हणायला काही आधारच उरला नाही, सगळं काम विश्वासानं आणि समोरच्याच्या अधिकारानं केलेलं असू शकतं. याच दशकात मिलग्रम नावाच्या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगात चाळीसपैकी सव्वीस जणांनी, कुठलंही संमोहन नसताना, कोट घातलेल्या माणसाच्या सांगण्यावरून दुसऱ्याला ४५० व्होल्टचा झटका द्यायचं बटण दाबलं, झटका खोटा होता पण त्यांना तो खरा वाटत होता. माणसाकडून भयंकर गोष्टी करून घेता येतात हे दुर्दैवानं खरं आहे. त्यासाठी संमोहन लागत नाही, आणि संमोहनामुळे त्यात काही भर पडते असंही दिसत नाही.

"पण अमेरिकेच्या सीआयएनं तर माणसं तयार केली होती" असं लगेच कुणीतरी म्हणतं. सीआयएनं प्रयत्न केला हे खरं आहे, १९५० च्या दशकात ब्लूबर्ड, आर्टिचोक, एमकेअल्ट्रा अशा नावांनी त्यांनी औषधं, संमोहन आणि माणसांवरच्या छळाचे घाणेरडे प्रयोग केले, आणि १९७३ मध्ये बरीच कागदपत्रं नष्ट केली. वाचलेल्या कागदांत १९५४ चा एक प्रयोग आहे, मोर्स ॲलन नावाच्या अधिकाऱ्यानं ऑफिसमधल्या एका सेक्रेटरीला संमोहित करून दुसरीवर पिस्तूल झाडायला लावलं. तिनं चाप ओढला, पिस्तूल रिकामं होतं. ऐकायला थरारक आहे, पण ती तिच्या ऑफिसात होती, सांगणारा तिथलाच वरिष्ठ होता, आणि ऑर्नचा तोच प्रश्न इथेही उभा राहतो, संमोहन न करता सांगितलं असतं तर? ॲलनला स्वतःलाही हे कळत होतं, एका ओळखीच्या ठिकाणी विश्वासातल्या मुलीनं केलेल्या गोष्टीवरून बाहेरच्या जगात कुणी खून करेल असं म्हणता येत नाही हे त्याला दिसत होतं. एवढा पैसा, एवढी वर्षं आणि कुठलीही नैतिक अडचण न मानणारी माणसं लावून जे जमलं नाही, ते रस्त्यावरचा अनोळखी माणूस पाच सेकंदात करतो असं हा मेसेज सांगतोय.

कोर्टातही हा बचाव फार जुना आहे. १८८९ मध्ये पॅरिसला गूफे नावाच्या माणसाचा खून झाला, प्रेत पेटीत भरून फेकलं, आरोपी एरो आणि त्याची मैत्रीण गॅब्रिएल बोंपार. आपण संमोहनाखाली होतो असा तिच्या बाजूनं बचाव झाला, फ्रान्समधल्याच नान्सी शहराच्या विद्यापीठातला कायद्याचा प्राध्यापक त्यासाठी कोर्टात उभा राहिला. ज्युरीनं ऐकलं नाही, एरोला गिलोटिनवर मृत्युदंड मिळाला, तिला वीस वर्षांची सक्तमजुरी.

शब्द पेरून ठेवण्याचा दावा अर्ध्या सत्यावर उभा आहे म्हणून जास्त लोकांच्या गळी उतरतो. संमोहनात दिलेली सूचना नंतर पाळली जाते, हे होतं. पण १९९८ मध्ये बार्निअर आणि मकॉन्की यांनी काही लोकांना संमोहनात सूचना दिली की रोज एक पोस्टकार्ड आम्हाला पाठवा, आणि काहींना संमोहन वगैरे काही न करता नुसती विनंती केली, बाबा रोज एक कार्ड पाठव. विनंती केलेल्यांनीही कार्डं इमानेइतबारे पाठवली. सूचना डोक्यात बॉम्बसारखी बसत नाही, माणसाला ती पटते, आठवते, करावीशी वाटते तोवर टिकते आणि मग विरत जाते.

सत्य वदवून घेण्याचा मुद्दा मला सगळ्यात गंभीर वाटतो, कारण इथे मेसेज उलटंच सांगतोय. संमोहनात माणूस सरळ खोटं बोलू शकतो, पण त्याहून वाईट हे की खोटं खरं समजून बोलू शकतो. १९८३ मध्ये लॉरेन्स आणि पेरी यांनी संमोहनाला चटकन प्रतिसाद देणाऱ्या सत्तावीस जणांना घेतलं आणि संमोहनात त्यांना मागच्या आठवड्यातल्या एका रात्रीत नेऊन सुचवलं की मोठे आवाज आले आणि तुम्हाला जाग आली. असं काही झालेलं नव्हतं. नंतर विचारलं तर तेरा जण म्हणाले की हो, आवाज आले होते, काही जण तर ते सूचनेतून आलं असं समजावून सांगितल्यावरही मानेनात. १९८५ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या समितीनं स्पष्ट लिहिलं की संमोहनानं आणलेली आठवण जास्त अचूक नसते, माणसाची स्वतःच्या आठवणीवरची खात्री मात्र वाढू शकते. अशा आठवणींवरून घरातल्या माणसांवर भलभलते आरोप झाले, कुटुंबं मोडली. संमोहनाला घाबरायचंच असेल तर या गोष्टीला घाबरा.

आणि लुटण्याचं काय? "त्यानं डोळ्यात बघितलं आणि मी पैसे काढून दिले, कसे दिले कळलंच नाही" असं सांगणारी माणसं खोटं बोलत नसतात. पण त्यांची हकिगत शांतपणे ऐकली की त्यात बोलण्यात गुंतवणं असतं, घाई असते, भीती असते ("तुमच्या नावावर केस झालीये", "घरात मृत्यूयोग आहे"), दोघं-तिघं मिळून लक्ष इकडेतिकडे ओढणं असतं, नोटा मोजताना मधेच बोलून गोंधळ घालणं असतं. लक्ष दहा ठिकाणी ओढलं गेलं की ती दहा मिनिटं नीट साठवलीच जात नाहीत, मग नंतर आठवणार काय? आणि मग लाज वाटते, शिकलेला माणूस असून असा कसा फसलो, तेव्हा "मला संमोहित केलं होतं" हे उत्तर स्वतःलाही बरं वाटतं. मी त्यांना दोष देत नाहीये. फसवणं हे या टोळ्यांचं रोजचं काम असतं, आपण त्यांच्यासमोर आयुष्यात एखाद्या वेळी येतो.

काही प्रकरणांत खरोखर औषध असतं. स्कोपोलामिन खाण्यापिण्यातून दिलं तर माणूस भ्रमिष्ट होतो, आठवण जाते, कोलंबियात याचे गुन्हे भरपूर झालेत. पण तो विषप्रयोग आहे, संमोहन नाही. आणि कागद हुंगायला दिला, कार्डाला हात लावला की लगेच माणूस ताब्यात, हेही नाही होत. हेच औषध प्रवासात उलटी होऊ नये म्हणून कानामागे चिकटवायच्या पट्टीतून देतात, ती पट्टी तीन दिवसांत मिळून साधारण एक मिलिग्रॅम औषध सोडते, आणि प्रवासाच्या काही तास आधी लावावी लागते कारण कातडीतून जायला तेवढा वेळ लागतो. कुणी काही खायला-प्यायला दिलं होतं आणि नंतर शुद्ध हरपल्यासारखं झालं असं वाटत असेल तर वेळ न घालवता दवाखान्यात जा आणि रक्त-लघवी तपासायला सांगा, ही औषधं शरीरातून लवकर निघून जातात. "संमोहन झालं होतं" म्हणून घरी बसलात तर तो पुरावा हातातून गेला.

आता आमच्या बाजूचे, म्हणजे असे मेसेज खोडून काढणारे लोक जे वाक्य तोंडपाठ म्हणतात त्याबद्दल. "संमोहनात माणूस इच्छेविरुद्ध काहीच करत नाही." हे मला तेवढंच खटकतं. ओहायोमधल्या एका वकिलाला २०१६ मध्ये बारा वर्षांची शिक्षा झाली, आपल्याकडे केस घेऊन येणाऱ्या बायकांना मन शांत करायच्या नावाखाली संमोहनाच्या सूचना देऊन तो त्यांच्यावर लैंगिक अत्याचार करत होता. वकील म्हणून त्याच्यावर विश्वास होता, घटस्फोटासारख्या प्रकरणात आधीच खचलेल्या बायका होत्या. डेन्मार्कमध्ये १९५१ मध्ये बँकेवर दरोडा पडला, दोन कर्मचारी मारले गेले, आणि गोळ्या झाडणाऱ्यामागे त्याचा जेलमधला जुना सोबती आहे, त्यानं वर्षानुवर्षं याच्या मनावर कब्जा ठेवला, संमोहनही वापरलं, असं मानून कोर्टानं १९५४ मध्ये त्या सोबत्याला जन्मठेप दिली. त्यात संमोहनाचा वाटा किती आणि वर्षानुवर्षांच्या दबावाचा किती यावर तज्ज्ञांचं आजही एकमत नाही.

या दोन्ही प्रकरणांत अनोळखी नजर नव्हती. होता तो विश्वास, एकांत, एकाच्या हातातला अधिकार आणि दुसऱ्याची गरज. माणसाची इच्छा ही काही आत कुलूपबंद ठेवलेली वस्तू नाही की एकतर सुरक्षित नाहीतर चोरीला गेलेली, ती भोवतीच्या माणसांमुळे वाकते. सिगारेट सोडायला मदत करा म्हणून डोळे मिटणाऱ्या बाईनं अंगाला हात लावायची परवानगी दिलेली नसते, आणि तिला नंतर "इच्छेविरुद्ध काही होतच नाही, म्हणजे तुलाही ते हवं होतं" असं म्हणणं हा दुसरा अत्याचार आहे. तसंच, आपल्याला न सांगता कुणी गप्पांमधून सूचना देऊ शकतो का? हो, देऊ शकतो, आणि ज्यांच्यावर सूचनेचा परिणाम पटकन होतो त्यांच्यावर औपचारिक संमोहन न करताही होतो. पण न सांगता होणं आणि विरोध करत असताना होणं यात फरक आहे. पहिलं घडू शकतं. दुसऱ्यासाठी आजवर कुणी भरवशाचा पुरावा दिलेला नाही.

ओळखीतल्या एका काकूंना पोटाचा जुना त्रास आहे, आतड्याचा, सगळ्या तपासण्या नॉर्मल पण दुखणं रोजचं. डॉक्टरांनी त्यांना संमोहन उपचार सुचवले होते. १९८४ मध्ये मँचेस्टरच्या व्हॉरवेल यांनी याच आजाराच्या, औषधांना दाद न देणाऱ्या तीस पेशंटवर त्याची चाचणी केली, संमोहनवाल्या गटाला दुसऱ्या गटापेक्षा बराच जास्त आराम पडला, आणि ब्रिटनची आरोग्य मार्गदर्शक संस्था नाइस अशा पेशंटसाठी बारा महिने औषधांनी फरक न पडल्यास याचा विचार करा असं सांगते. काकूंनी मुलाला विचारलं, मुलानं हाच मेसेज दाखवला, त्या गेल्या नाहीत. अजून गोळ्या खातायत.

त्यांना सांगितलं तेच इथे लिहितो. संमोहन करणाऱ्याची मूळ पदवी काय ते विचारा, तो डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ असावा आणि ज्या आजारावर संमोहनाशिवाय उपचार करायची त्याची पात्रता नाही त्यावर संमोहनानंही करू नये. हरवलेल्या आठवणी, मागचा जन्म काढून देतो म्हणाला तर उठून या. मुलाला किंवा मैत्रिणीला सोबत बसू द्याल का, फोनवर रेकॉर्डिंग केलं तर चालेल का, हे पहिल्या फोनवरच विचारा, आणि तो नाही म्हणाला तर दुसरा शोधा.